महाराष्ट्रातील सार्वजनिक प्राथमिक शाळाव्यवस्था

महाराष्ट्र राज्यात शासन, जिल्हा परिषदा, महानगरपालिका व नगरपालिका यांनी सार्वजनिक निधीतून चालविलेल्या प्राथमिक शाळांची व्यवस्था. २०२१–२२ च्या शासकीय माहितीसंकलनानुसार राज्यात सर्व प्रकारच्या मिळून सु. १ लाख ९ हजार शाळा होत्या व त्यांपैकी सु. ६५ हजार शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या होत्या. त्यांतील बहुसंख्य शाळा जिल्हा परिषदांच्या असून त्या खेड्यांत व वाड्यावस्त्यांवर विखुरलेल्या आहेत. शाळांच्या संख्येत ह्या व्यवस्थेचा वाटा निम्म्याहून अधिक असला, तरी एकूण विद्यार्थ्यांत तो त्यामानाने बराच कमी आहे. राज्यातील माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खाजगी अनुदानित संस्थांच्या हाती राहिले आणि सार्वजनिक शाळा बव्हंशी चौथी किंवा सातवीपर्यंतच मर्यादित राहिल्या, हे त्याचे एक कारण होय. लहान गावांतील शाळांचा पट मुळातच कमी असतो, हे दुसरे.

ह्या व्यवस्थेच्या सु. दोनशे वर्षांच्या इतिहासात दोन प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात. शाळेसाठी पैसा कोण देतो व तिचा लाभ कोणाला होतो, हा पहिला प्रश्न. आणि शाळेच्या पटावर नाव लागलेले मूल प्रत्यक्षात काय शिकते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस बऱ्याच अंशी मिळाल्यासारखे वाटत असतानाच दुसरा प्रश्न तीव्र झाला आणि त्यातून पहिलाही नव्या स्वरूपात पुढे आला.

एतद्देशीय शाळा व कंपनी सरकारचा काळ : पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्यात पंतोजींच्या खाजगी शाळा सर्वत्र होत्या. त्या देवळाच्या ओवरीत, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा पंतोजींच्या घरी भरत. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, तोंडी उजळणी, हिशेब आणि मोडी लेखन एवढाच त्यांचा अभ्यासक्रम असे. १८२०–३० च्या दशकात झालेल्या सरकारी चौकशीत इलाख्यात अशा सु. १,७०० शाळा व त्यांत सु. ३५ हजार विद्यार्थी असल्याची नोंद झाली. विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा जातींचे, म्हणजे ज्यांना लेखन व हिशेब यांची व्यवसायात गरज होती त्यांचे असत. मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे स्थान नव्हते.

मुंबईचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणीत ह्या शाळा सुधारण्याचा, त्यांसाठी पुस्तके छापण्याचा आणि नव्या शाळा काढण्याचा पुरस्कार केला. मुंबईत १८२२ मध्ये स्वतंत्र झालेली शाळापुस्तक मंडळी १८२७ पासून ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या देखरेखीखाली मराठी पाठ्यपुस्तके तयार झाली. मुंबईत तयार केलेले शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्यांत पाठविण्यात आले आणि तेथे सरकारी खर्चाच्या शाळा सुरू झाल्या. सार्वजनिक निधीतील मराठी शाळेचा आरंभ येथून धरता येतो.

सोसायटीचे काम १८४० मध्ये ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’कडे आले. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजी शिक्षणावर व ते घेऊ शकणाऱ्या वरिष्ठ वर्गावर होता. बोर्डाचे सदस्य जगन्नाथ शंकरशेट यांनी याला विरोध केला. सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे, तर ते तिच्याच भाषेतून दिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. हा वाद वरवर पाहता माध्यमाचा होता. परंतु मर्यादित सरकारी पैसा थोड्यांच्या उच्च शिक्षणावर खर्चावा की अनेकांच्या प्राथमिक शिक्षणावर, हा त्याचा गाभा होता.

शिक्षण खाते व लोकल फंड : १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. त्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. खात्याने शाळा उघडल्या, तपासनीस नेमले, शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेजे काढली; पण खर्चास पैसा अपुरा पडू लागला. त्यावर तोड म्हणून १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा स्थानिक कर बसविण्यास सुरुवात झाली. १८६९ च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला. ह्या ‘लोकल फंडा’चा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी व उरलेला रस्ते आणि इतर स्थानिक कामांसाठी राखून ठेवला जाई.

लोकल फंडामुळे गावोगाव शाळा काढणे शक्य झाले. खेड्यांतील प्राथमिक शाळेचा खर्च त्यापुढे मोठ्या प्रमाणात शेतकऱ्याच्या करातून भागू लागला. तथापि त्या शाळेत बसणारे मूल बहुधा त्या शेतकऱ्याचे नसे. शेतावरील व घरातील कामाला त्याची गरज असे. शाळेतील शिक्षक वरच्या जातीचे असत आणि अभ्यासक्रमाचा शेतकऱ्याच्या जीवनाशी फारसा संबंध नसे.

जोतीराव फुले यांची साक्ष : ही विसंगती सर्वांत स्पष्टपणे मांडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये सादर केलेल्या निवेदनात त्यांनी असे दाखवून दिले, की सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा कष्टकरी शेतकऱ्यांकडून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ मुख्यतः वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाला मिळतो. वरच्या वर्गांत झिरपलेले ज्ञान कालांतराने खाली उतरेल, हा सरकारी युक्तिवाद त्यांनी अमान्य केला. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत व ते प्रशिक्षित असावेत. त्यांना दरमहा निदान बारा रुपये पगार मिळावा. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब यांबरोबर शेती, आरोग्य व नीती यांचे प्राथमिक ज्ञान अभ्यासक्रमात असावे, अशा त्यांच्या सूचना होत्या.

आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. १८८४ च्या कायद्यांनी लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्याकडे शाळा गेल्या. सक्तीची मागणी मात्र मान्य झाली नाही. फुल्यांच्या सूचनांपैकी शिक्षकांचे प्रशिक्षण, त्यांचे वेतन, जीवनाशी निगडित अभ्यासक्रम व सक्ती हे चारही विषय पुढील शंभर वर्षे ह्या व्यवस्थेच्या चर्चेत केंद्रस्थानी राहिले. यावरून त्या निवेदनाचे महत्त्व लक्षात येते.

सक्तीच्या शिक्षणाचे प्रयत्न : सक्तीचा पहिला यशस्वी प्रयोग ब्रिटिश मुलखाबाहेर झाला. बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले व १९०६ मध्ये ते सर्व संस्थानास लागू केले. त्यापासून प्रेरणा घेऊन गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घ्यावे, असा आदेशही त्यांनी १९१९ मध्ये काढला.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिका क्षेत्रासाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश भारतातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना व्यापक अधिकार मिळाले. त्याच वर्षी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला व सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य झाले. व्यवहारात अनेक गावांत त्या मुलांना वर्गाबाहेर किंवा वेगळे बसविले जाई. सक्तीचे कायदेही बहुतेक ठिकाणी कागदावर राहिले. कारण त्यांची अंमलबजावणी ज्या बोर्डांवर सोपविली होती, त्यांच्याकडे पैसा नव्हता. हार्टोग समितीने १९२९ मध्ये ‘अपव्यय व स्थगन’ हा प्रश्न प्रथम ठळकपणे मांडला. पहिलीत दाखल झालेल्या मुलांपैकी अल्प मुलेच चौथीपर्यंत पोहोचतात आणि जी मध्येच शाळा सोडतात ती लवकरच निरक्षर होतात, असे तिचे निरीक्षण होते. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक हस्तव्यवसायावर आधारलेल्या मूलोद्योग शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा प्रसार मर्यादित राहिला; तरी पुस्तकी शिक्षणावरील टीकेला तिने एक रचनात्मक पर्याय दिला.

तीन प्रशासकीय परंपरा : १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्रात तीन भिन्न परंपरांतील शाळा एकत्र आल्या. पश्चिम महाराष्ट्र, कोकण व खानदेश हा भाग मुंबई इलाख्यातील असून तेथे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम लागू होता. विदर्भाचा संबंध मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रशासनाशी होता. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे शासनाची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्यामुळे मराठी शाळांना पुरेसा आश्रय मिळाला नव्हता; शाळांची संख्या कमी आणि साक्षरतेचे प्रमाण, विशेषतः स्त्रियांचे, अत्यल्प होते. निजामी राजवटीत मराठवाड्यातील अनेक मराठी शाळा लोकांनी वर्गणीतून चालविल्या होत्या. ह्या विषम आरंभबिंदूचे परिणाम पुढे दीर्घकाळ टिकले.

खाजगी लोकसेवी संस्थांचा वाटाही ह्या काळात मोठा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (स्था. १९१९) सातारा व आसपासच्या जिल्ह्यांत बहुजन समाजातील मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढली. तिच्या खेड्यांतील प्राथमिक शाळा पुढे सार्वजनिक व्यवस्थेत विलीन झाल्या. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व नंतर कोसबाड (जि. ठाणे; आता पालघर) येथे आदिवासी बालकांसाठी केलेले प्रयोग अंगणवाडी व कुरणशाळा ह्या नावांनी प्रसिद्ध आहेत. मूल शाळेत येत नसेल, तर ते गुरे राखीत असते तेथे शाळा न्यावी, हे कुरणशाळेमागील तत्त्व होते.

राज्यनिर्मिती व जिल्हा परिषदा : महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ अन्वये १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांच्या अखत्यारीत आल्या. शिक्षक जिल्हा परिषदेचे कर्मचारी झाले. त्यांच्या वेतनाचा जवळजवळ सर्व भार राज्य शासन अनुदानाद्वारे उचलू लागले. एका आण्याच्या करावर चालणारी शाळा अशा रीतीने राज्याच्या सर्वसाधारण महसुलावर आली. वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी देण्याच्या निर्णयाने प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या ग्रामीण मुलाला माध्यमिक शाळेची वाट खुली झाली. १९६७ मध्ये पुणे येथे पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘बालभारती’ ह्या नावाने ते घरोघरी परिचित आहे. गडचिरोलीतील व मुंबईतील मुलाच्या हाती एकच पुस्तक देणे हे ह्या मंडळाचे मोठे कार्य होय.

भारतीय शिक्षण आयोगाने (१९६४–६६) सर्व थरांतील मुले एकाच शाळेत शिकतील अशा समान शाळापद्धतीची व परिसरशाळेची शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील होते आणि गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या ग्रामीण शिक्षणप्रयोगाशी त्यांचा निकट संबंध होता. संख्या, गुणवत्ता व समता ही तीन उद्दिष्टे एकाच वेळी साधणे भारतीय शिक्षणाला जमलेले नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र महाराष्ट्राच्या अनुभवालाही लागू पडते. समान शाळापद्धतीची शिफारस अंमलात आली नाही.

विस्तार व त्याची फलश्रुती : पुढील चार दशकांत विस्ताराचे कार्य मोठ्या प्रमाणावर झाले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक, दुसरी खोली व किमान साहित्य देण्याचा प्रयत्न केला. १९९४ नंतर जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात मराठवाड्यातील जिल्ह्यांचा प्राधान्याने समावेश झाला. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियान आले. लहान वस्त्यांसाठी वस्तीशाळा उघडण्यात आल्या. त्यांतील अनेक पुढे नियमित शाळा झाल्या. शालेय पोषण आहार १९९५ मध्ये धान्यवाटपाच्या रूपाने सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देण्यास प्रारंभ झाला. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारा केंद्रीय कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. पहिली ते पाचवीची शाळा एक किमी.च्या व सहावी ते आठवीची तीन किमी.च्या अंतरात असावी, असा निकष त्यानुसार ठरला.

जनगणनेतील साक्षरतेचे आकडे ह्या विस्ताराचा पुरावा देतात. सात वर्षांवरील लोकसंख्येत साक्षरांचे प्रमाण १९९१ मध्ये ६४·८७ टक्के, २००१ मध्ये ७६·८८ टक्के व २०११ मध्ये ८२·३४ टक्के होते. २०११ मध्ये पुरुषांत ते ८८·३८, तर स्त्रियांत ७५·८७ टक्के होते. नंदुरबार जिल्ह्यात मात्र ते सु. ६४ टक्के, म्हणजे राज्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या पातळीवरच राहिले. आज सहा ते चौदा वयोगटातील जवळजवळ सर्व मुलांची नावे कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर असतात. मुलींच्या बाबतीत झालेला बदल तर सामाजिक इतिहासातील मोठा टप्पा मानावा लागतो. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना लोकक्षोभ सहन करावा लागला. आता गावची मुलगी शाळेत जाते याची कोणी दखलही घेत नाही.

व्यवस्थेच्या कडेवरील मुले : पटावर नाव असणे व शाळेत असणे यांत अंतर असलेले काही समूह आहेत. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या मुलांचे शालेय वर्ष त्यामुळे मधोमध तुटते. साखर कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा व गावातच राहण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहे हे त्यावरील उपाय होत. वसतिगृहाची मंजुरी स्थलांतर सुरू होण्यापूर्वी मिळाली नाही, तर मूल आईवडिलांबरोबर गेलेले असते. म्हणून अशा योजनांचे यश निधीइतकेच वेळेवर अवलंबून असते. वीटभट्टी कामगार, मेंढपाळ व भटक्या जमाती यांच्या मुलांची स्थितीही अशीच आहे.

आदिवासी भागांत आदिवासी विकास विभागाच्या सु. ५०० शासकीय व सु. ५५० अनुदानित आश्रमशाळा आहेत. सातपुडा, सह्याद्रीचा उत्तर भाग व गडचिरोलीचे जंगल येथील हजारो मुलांना त्यांनी निवास, अन्न व शिक्षण दिले. निवासव्यवस्था, आरोग्य व मुलींची सुरक्षितता यांबाबत त्यांच्यावर सातत्याने टीका होत आली आहे. घरी भिली, कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला पहिलीत प्रमाण मराठीचे पुस्तक हाती पडते, ही अडचण आश्रमशाळा व जिल्हा परिषद शाळा या दोहोंत समान आहे.

शिक्षक : सार्वजनिक शाळेची गुणवत्ता शेवटी शिक्षकावर अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण थोड्या पगारावर मास्तर होई. गावचे पत्र वाचणे, अर्ज लिहिणे ही कामेही त्याच्याकडे येत. स्वातंत्र्योत्तर काळात पदविका, निश्चित वेतनश्रेणी व निवृत्तिवेतन यांमुळे शिक्षकाची नोकरी ही ग्रामीण बहुजन कुटुंबाच्या उन्नतीचे साधन बनली. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ही फुल्यांची अपेक्षा ह्या मार्गाने पुष्कळशी पूर्ण झाली. सन २००० पासून शिक्षणसेवक योजनेखाली नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करावे लागू लागले. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत अनेक शाळांतील पट फुगविलेला आढळला. त्यानंतर भरती अनेक वर्षे जवळजवळ थांबली. २०१९ नंतर ‘पवित्र’ ह्या संगणकीय प्रणालीद्वारे ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. २०१८ पासून बदल्याही संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या व त्यांतील स्थानिक राजकारणाला काहीसा आळा बसला.

शिक्षकावरील अन्य कामांचा भार ही जुनी तक्रार आहे. जनगणना, निवडणूक, मतदारयाद्या, विविध सर्वेक्षणे, आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत अध्यापनाचा वेळ खर्च होतो. दोन शिक्षकांची व चार किंवा पाच वर्गांची शाळा ग्रामीण महाराष्ट्रात सामान्य आहे. त्यांतील एक शिक्षक बैठकीला गेला, की सर्व वर्ग एकावर पडतात. बहुवर्ग अध्यापन ही अशा शाळांची नित्याची स्थिती आहे. तरीही पाठ्यपुस्तके व प्रशिक्षण यांची रचना एका इयत्तेला एक शिक्षक हे गृहीत धरूनच होत आली.

अध्ययनाची पातळी : शाळा जवळ आली, परंतु तेथे शिकणे किती होते, हा प्रश्न २००५ पासून दरवर्षी किंवा वर्षाआड होणाऱ्या ‘असर’ ह्या ग्रामीण सर्वेक्षणाने सार्वजनिक चर्चेत आणला. ह्या सर्वेक्षणात मुलाला घरी जाऊन साधा परिच्छेद वाचावयास व साधे गणित सोडवावयास दिले जाते. २०१८ च्या फेरीत ग्रामीण महाराष्ट्रातील पाचवीच्या सु. दोन-तृतीयांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. देशाची सरासरी त्या वेळी निम्म्याच्या आसपास होती. तुलनेने ही स्थिती चांगली असली, तरी पाच वर्षे शाळेत घालविलेल्या तीन मुलांपैकी एकाला सोपा मजकूर वाचता येत नाही, असाही त्याचा अर्थ होतो. गणितातील, विशेषतः भागाकारातील, कामगिरी वाचनापेक्षा बरीच कमी आढळली. मार्च २०२० पासून करोना महासाथीमुळे प्राथमिक वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत बहुतांश काळ बंद राहिले. ज्या घरी मोबाइल संच व शिकविणारे माणूस नव्हते, तेथील लहान मुलांचे नुकसान सर्वाधिक झाले. मूलभूत साक्षरता व संख्याज्ञान यांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान ह्याच पार्श्वभूमीवर राज्यात राबविण्यात येऊ लागले.

केंद्र शासनाच्या २०२०–२१ च्या कामगिरी निर्देशांकात महाराष्ट्र हा केरळ व पंजाब यांच्याबरोबर सर्वांत वरच्या गटात होता. त्याच राज्यातील मुलांच्या वाचनाविषयी वर दिलेले आकडेही खरे आहेत. ह्या विसंवादाचे कारण मापनपद्धतीत आहे. निर्देशांकात इमारती, सुविधा, प्रशासन व माहितीची नोंद यांना मोठे स्थान असते. सर्वेक्षणात मात्र एका मुलासमोर एक कागद ठेवला जातो.

सुधारणेचे प्रयत्न वरून व खालून असे दोन्ही दिशांनी झाले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी कृतियुक्त व ज्ञानरचनावादी पद्धती रुजविली. फरशीवर रंगविलेली अक्षरे, आकडे व काड्या-मणी यांचे साहित्य पाहण्यास राज्यभरचे शिक्षक तेथे जाऊ लागले. जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने अशा प्रयोगांना शासकीय पाठबळ दिले. ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून अनेक शाळांना इमारती, रंगकाम व संगणक दिले. परितेवाडी (जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ह्या उदाहरणांतून व्यवस्थेत असलेली क्षमता दिसते. तथापि एखाद्या शिक्षकाच्या उत्साहावर उभी राहिलेली शाळा त्याच्या बदलीनंतर मागे पडते, हा अनुभवही वारंवार आला आहे.

पटसंख्येतील घट : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सार्वजनिक शाळांचा पट सातत्याने घटत गेला. जन्मदरातील घट व शहरांकडे होणारे स्थलांतर ही त्याची लोकसंख्याविषयक कारणे होत. इंग्रजी माध्यमाची ओढ हे तितकेच प्रबळ सामाजिक कारण आहे. शासनाने सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला व पुढे अनेक शाळांत सेमी-इंग्रजी वर्ग निघाले. तरीही पालकांचा कल बदलला नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने विनाअनुदान शाळा काढणे सुलभ झाले. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालविते. तेथेही मराठी माध्यमाचा पट झपाट्याने घटला व महापालिकेला स्वतःच्याच इंग्रजी शाळा वाढवाव्या लागल्या.

ह्या स्थलांतराचा सामाजिक अर्थ महत्त्वाचा आहे. गावातील शेतकरी, दुकानदार, नोकरदार यांची मुले पिवळ्या बसने तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली आणि जिल्हा परिषद शाळेत भूमिहीन, दलित, आदिवासी व स्थलांतरित मजुरांची मुले उरली. सरपंचाची व शिक्षकाचीही मुले जेथे शिकत नाहीत, त्या शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न ग्रामसभेत मांडण्यास फारसे कोणी उरत नाही.

कमी पटाच्या शाळांबाबत शासनाने एकत्रीकरणाचे धोरण स्वीकारले. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या सु. १,३०० शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सु. १४,७०० शाळांसंदर्भात पानशेत (जि. पुणे) व तोरणमाळ (जि. नंदुरबार) यांच्या धर्तीवर समूहशाळांची कल्पना पुढे आली. मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक, ग्रंथालय, क्रीडांगण व सवंगडी मिळतात, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद सबळ आहे. उलटपक्षी डोंगराळ भागात ओढा ओलांडून किंवा बसची वाट पाहून सहा वर्षांचे मूल रोज दूर जाऊ शकत नाही आणि शाळा लांबली की प्रथम मुलीचे शिक्षण थांबते, असा आक्षेप शिक्षक, पालक व कार्यकर्ते यांनी घेतला. मार्च २०२४ मधील शिक्षकसंख्येच्या नव्या निकषांनी हा वाद अधिकच वाढविला.

शिक्षणहक्क कायद्यानुसार खाजगी विनाअनुदान शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, शासकीय अथवा अनुदानित शाळा एक किमी.च्या आत असल्यास खाजगी शाळांना ह्या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द ठरविला. सार्वजनिक शाळा जवळ असताना गरीब पालकाने तिला सोडून शेजारची खाजगी शाळा मागावी, यातच त्या शाळेच्या प्रतिष्ठेत झालेला बदल प्रतिबिंबित होतो.

मूल्यमापन : ह्या व्यवस्थेचे यश थोडे नाही. दोन शतकांपूर्वी ज्या जातींना व ज्या स्त्रियांना अक्षराचा अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचविले ते प्रामुख्याने लोकल फंडाच्या, बोर्डाच्या व नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेने. राज्यातील शेतकरी नेतृत्व, सहकारी संस्थांचे कार्यकर्ते, दलित लेखक, शिक्षक व शासकीय सेवक यांच्या पिढ्या ह्याच शाळांतून बाहेर पडल्या. तिचे अपयशही तेवढेच स्पष्ट आहे. मुलाला वर्गापर्यंत आणण्यासाठी जेवढी यंत्रणा उभी राहिली, तेवढी वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे यासाठी उभी राहिली नाही.

१८८२ मध्ये शेतकऱ्याच्या पैशावर दुसऱ्यांची मुले शिकत होती, असा आक्षेप होता. आज शाळा शेतकऱ्याच्या व मजुराच्या मुलांसाठी खुली आहे, शिक्षकही त्यांच्यातून आला आहे. पण जे तिच्याबाहेर पडू शकतात ते पडत आहेत. ज्यांना पडता येत नाही, त्यांच्या वाट्याला आलेली शाळा चांगली असेल की केवळ मोफत, यावर ह्या व्यवस्थेचे पुढील मूल्यमापन अवलंबून राहील.